पेशी डीएनए दुरुस्त करते ते कॉम्प्युटरवर कसं बघतात?

गेल्या अंकात उन्हाने त्वचेच्या डीएनएला काय होतं त्यावर थोडं लिहिलं होतं आणि जाता जाता म्हटलं होतं की ही इजा पेशी कशी भरून काढते ते शास्त्रज्ञ आता सुपरकॉम्प्युटरवर बघतात. त्या एका वाक्यावर इतके प्रश्न आले की या वेळी सगळी जागा त्यालाच देते.

डिचोलीहून एक निवृत्त शिक्षक विचारतात: कॉम्प्युटरमध्ये पेशी नसते, डीएनए पण नसतो, मग स्क्रीनवर जे हलताना दिसतं ते खरं कशावरून मानायचं? कुणीतरी बनवलेलं अ‍ॅनिमेशनच ना ते?

गुरुजी, हा प्रश्न सगळ्यांनीच विचारायला हवा, कारण यूट्यूबवर पेशीचे जे चकचकीत व्हिडिओ फिरतात त्यातले बरेचसे खरंच अ‍ॅनिमेशन असतात, आर्टिस्टने हलवलेले. सिम्युलेशन वेगळं. त्याची सुरुवात प्रयोगातून मिळालेल्या आकारापासून होते. क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी म्हणून पद्धत आहे, 2017 चं केमिस्ट्रीचं नोबेल तिलाच मिळालं, त्यात प्रोटीन (पेशीतली कामं, ही दुरुस्तीसुद्धा, करणारे मोठे रेणू) असलेलं पाणी एका क्षणात गोठवतात, मग इलेक्ट्रॉन सोडून त्या प्रोटीनच्या लाखो प्रतिमा घेतात आणि त्यावरून कुठला अणू कुठे बसलाय ते काढतात. या जागांची फाईल प्रोटीन डेटा बँकेत असते, कोणीही फुकट डाउनलोड करा. ती घ्यायची, भोवती पाण्याचे रेणू आणि मिठाचे आयन भरायचे, पाण्याचा एकेक रेणू सुद्धा वेगळा मोजायचा, आणि मग प्रत्येक अणूवर बाकीच्या अणूंचा किती जोर पडतोय ते काढून न्यूटनच्या नियमाने तो किंचित सरकवायचा. परत जोर काढायचा, परत सरकवायचा. बस्स, हेच. कुठला अणू कुठे जाणार ते माणूस ठरवत नाही, ते गणितातून येतं.

आता तुम्ही म्हणाल फोटो आहेत तर एवढा खटाटोप कशाला. आपल्या घोडेमोडणी नाचाचे चार फोटो बाहेरच्या माणसाला दाखवा, त्याला लाकडी घोडा दिसेल, तलवार दिसेल, पण पाऊल कसं पडतं आणि नाचणारा एका पवित्र्यातून दुसऱ्यात कसा जातो ते त्याला काही कळायचं नाही. गोठवलेल्या प्रोटीनचं तेच होतं, आणि दुरुस्तीचं सगळं काम तर त्या मधल्या हालचालीत असतं.

पण तुमच्या शंकेत तथ्य आहेच. जोर काढायची सूत्रं माणसांनी ठरवलेली असतात, त्यांना फोर्स फील्ड म्हणतात, त्यात उणीव राहिली तर उत्तरही चुकतं. शिवाय नेहमीच्या सिम्युलेशनमध्ये रासायनिक बंध तुटतच नाहीत, त्यामुळे एन्झाइम डीएनए प्रत्यक्ष कसं कापतं ते बघायचं असेल तर तेवढ्या भागाला क्वांटमचं गणित लावावं लागतं, ही जोड वॉर्शेल आणि लेविट यांनी 1976 मध्ये मांडली आणि 2013 चं नोबेल त्या दोघांना कारप्लस यांच्याबरोबर मिळालं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, सिम्युलेशन कितीही सुंदर दिसो, त्यातून निघालेली गोष्ट कोणीतरी लॅबमध्ये तपासून बघेपर्यंत ती अंदाजच समजायची.

पेडण्याहून बारावीची एक विद्यार्थिनी लिहिते: ताई, आमच्या पुस्तकात डीएनए रिपेअर जेमतेम एका ओळीत आटोपलंय. त्यात नक्की काय होतं? आणि त्यात सुपरकॉम्प्युटर लावून बघण्यासारखं एवढं काय आहे?

बाय, एका ओळीत ते मावणारंच नाही. आधी इजा किती होते ते बघ. ऊन नको, सिगारेट नको, नुसतं शरीराच्या उबेत आणि पाण्यात राहूनच डीएनएची अक्षरं, म्हणजे ए, टी, जी, सी हे त्याच्या साखळीतले घटक, गळून पडतात, एका पेशीत दिवसाला साधारण 10 हजार. 1970 च्या दशकात टोमास लिंडाल यांच्या कामातून हा अंदाज आला, तोवर बहुतेकांना वाटायचं की डीएनए म्हणजे एकदम पक्की वस्तू. लिंडाल यांचं म्हणणं साधं होतं, इतकी पडझड होऊनही आपण जिवंत आहोत म्हणजे दुरुस्ती चालू असणारच, आणि मग त्यांनी ती शोधून काढली. 2015 चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यांना, पॉल मॉड्रिच यांना आणि अझीज सँकर यांना मिळालं, तिघांनी दुरुस्तीच्या तीन वेगवेगळ्या वाटा उलगडल्या होत्या.

सँकर यांची वाट आपल्या उन्हाशी थेट संबंधित आहे म्हणून तीच सांगते. अल्ट्राव्हायोलेट पडला की डीएनएवरची शेजारशेजारची दोन अक्षरं, बहुतेक वेळा दोन टी, एकमेकांना चिकटतात आणि तिथे डीएनए वाकतो. बऱ्याच जिवाणूंकडे आणि झाडांकडे फोटोलायेज नावाचं एन्झाइम असतं, ते उजेडाचीच ऊर्जा वापरून ही जोडी सोडवतं. माणसाकडे ते नाही. आपली पेशी तो सगळा तुकडाच काढून टाकते. एक्सपीसी नावाचं प्रोटीन वाकलेली जागा हेरतं, मग टीएफटूएच नावाचा 10 प्रोटीनांचा मोठा समूह येतो आणि त्यातली एक्सपीबी आणि एक्सपीडी ही दोघं डीएनएचे दोन धागे अलग करतात, एक्सपीडी धाग्यावरून सरकत जाऊन इजा खरोखर आहे ना याची खात्री करतं, त्यानंतर एक्सपीएफ आणि एक्सपीजी दोन बाजूंना काप देतात, 24 ते 32 अक्षरांचा तुकडा निघून जातो, समोरच्या धाग्यावर बघून नवीन अक्षरं भरली जातात आणि शेवटी लायगेज नावाचं एन्झाइम सांधा जोडतं. आणि हे 3 अब्जांहून जास्त अक्षरांच्या धाग्यात नेमक्या जागी!

आता यातला खरा पेच. टीएफटूएच फक्त दुरुस्ती करत नाही, जीन वाचायला सुरुवात होते तिथेसुद्धा तेच हजर असतं. आणि एक्सपीडीच्या जीनमध्ये एखादं अक्षर बदललं तर काय होतं बघ. एका जागी बदललं तर झिरोडर्मा पिगमेंटोसम होतो, त्या मुलांना साधं ऊनही सोसत नाही आणि त्वचेचा कॅन्सर लहानपणीच होऊ शकतो. त्याच जीनमध्ये दुसऱ्या जागी बदललं तर ट्रायकोथायोडिस्ट्रॉफी होतो, केस ठिसूळ, वाढ खुंटलेली, पण त्वचेच्या कॅन्सरचा धोका वाढलेला दिसत नाही. जीन एक, प्रोटीन एक, आणि आजार इतके वेगळे! असं का, हे गोठवलेला फोटो बघून सांगता येत नव्हतं.

इथे सुपरकॉम्प्युटर कामाला आला. अमेरिकेत जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीचे इवायलो इवानोव आणि त्यांच्या टीमने ओक रिज लॅबच्या समिट या मशीनवर टीएफटूएच चालवून बघितलं, एकदा जीन वाचायच्या अवस्थेत आणि एकदा दुरुस्तीच्या अवस्थेत. 2023 मध्ये नेचर कम्युनिकेशन्स या विज्ञानाच्या नियतकालिकात ते छापून आलं. त्यांना दिसलं की हा समूह एकसंध हलत नाही, त्याच्यात एकत्र हलणाऱ्या भागांचे गट असतात आणि काम बदललं की हे गट नव्याने जुळतात, आणि एक काम चालू असताना दुसरं बंद राहील अशी सोय त्याच्या आतच आहे. म्हणजे एखादा बदल कुठल्या प्रोटीनमध्ये आहे एवढं बघून भागत नाही, तो कुठल्या गटात बसतो, कुठली हालचाल अडवतो, ते बघावं लागतं. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण दुर्मिळ आजाराच्या घरात हातात जेनेटिक रिपोर्ट असतो, त्यावर बदललेलं अक्षर छापलेलं असतं आणि ते बदलल्याने शरीरात नेमकं काय बिघडतं हे आईवडिलांना कुणीच सांगू शकत नाही. त्या प्रश्नाकडे जायची ही एक खरी वाट आहे.

वास्कोहून एक इंजिनीअर: माझ्या लॅपटॉपला पण चांगलं ग्राफिक्स कार्ड आहे. त्यावर हे का चालत नाही?

छोटं प्रोटीन चालेल की. 1977 मध्ये मॅकॅमन, गेलिन आणि कारप्लस यांनी जगातलं पहिलं प्रोटीन सिम्युलेशन केलं तेव्हा ते इटुकलं प्रोटीन 10 पिकोसेकंद (एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) सुद्धा चाललं नव्हतं, आज तुमचा लॅपटॉप त्याच्या कितीतरी पुढे जाईल. अडचण अशी आहे की एक पाऊल साधारण 2 फेम्टोसेकंदांचं, म्हणजे पिकोसेकंदाच्याही हजाराव्या भागाच्या दुप्पट, ठेवावं लागतं, मोठं पाऊल टाकलं की गणित फुटतं, म्हणजे एका मायक्रोसेकंदाला, सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाला, 50 कोटी पावलं झाली आणि प्रत्येक पावलाला पाण्यासकट लाखो अणूंचे जोर परत काढायचे. आणि पेशीतली दुरुस्ती चालते मिनिटांमध्ये. मायक्रोसेकंद कुठे आणि मिनिट कुठे! म्हणून नुसतं बटण दाबून वाट बघत बसत नाहीत. सुरुवातीची अवस्था आणि शेवटची अवस्था माहीत असते, त्यांच्यामधल्या वाटेवर टप्प्याटप्प्याने त्याच सिस्टिमच्या कॉप्या मांडतात, सगळ्या एकाच वेळी चालवतात आणि वाट हळूहळू सुधारत नेतात. समिटवर 27,648 जीपीयू (ग्राफिक्स कार्डात असते तसली चिप) होते ते अशा वेळी उपयोगी पडतात. 2018 मध्ये जगातला पहिल्या नंबरचा कॉम्प्युटर होता तो, 2024 मध्ये बंद केला, आता ओक रिजला फ्रंटियर आहे.

वाळपईहून एक वाचक: यातून कॅन्सरवर औषध निघालं का?

डीएनए दुरुस्तीच्या अभ्यासातून निघालं, नक्कीच. बीआरसीए जीनमध्ये दोष असला की कॅन्सरच्या पेशीची दुरुस्तीची एक वाट आधीच बंद असते, पार्प नावाचं दुरुस्तीचं प्रोटीन औषधाने अडवलं की दुसऱ्या वाटेचीही कोंडी होते आणि ती पेशी मरते. 2005 मध्ये हे लॅबमध्ये दिसलं आणि 2014 मध्ये ओलापारिब हे औषध ओव्हरीच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत आणि युरोपात मंजूर झालं. मात्र त्याची मूळ कल्पना पेशींवरच्या प्रयोगांतून आली, सुपरकॉम्प्युटरमधून नाही, त्यामुळे "सुपरकॉम्प्युटरने कॅन्सरचं औषध शोधलं" असा मेसेज आला तर फॉरवर्ड करू नका. सिम्युलेशन काय करतं, तर औषधाचा रेणू प्रोटीनच्या कुठल्या खाचेत बसेल आणि प्रोटीन हलल्यावर ती खाच राहील का, ते दाखवतं. त्याने लॅबमधली बरीच फुकटची मेहनत वाचते.

हरमलहून: आमचे बाबा जन्मभर मासेमारीची रापण ओढत आले, कायम उन्हात, त्यांना काही झालं नाही. म्हणजे त्यांची दुरुस्ती चांगली ना?

दुरुस्ती चालू आहे हे खरं, पण सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्यही बरंचसं ऊन अडवतं, त्यामुळे सगळं श्रेय दुरुस्तीला देता येणार नाही. डोळ्यांना ते संरक्षण तेवढं नसतं, ऊन आणि मोतीबिंदू यांचा संबंध आहे. बाबांना टोपी आणि चांगला गॉगल घ्या, आणि न भरणारी जखम किंवा आकार बदलणारा तीळ दिसला तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

फोंड्याहून एक आई: मुलीला असलं काही करायचंय. तिला अमेरिकेलाच जावं लागेल का?

नाही हो, सुरुवात तर तुमच्या शेजारीच होऊ शकते. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेने परम 8000 हा सुपरकॉम्प्युटर बनवला 1991 मध्ये, आणि 2015 पासून नॅशनल सुपरकॉम्प्युटिंग मिशन चालू आहे, त्यात पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत परम ब्रह्म बसलाय, 2024 मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकात्याला परम रुद्र आले. याच मिशनच्या ट्रेनिंगसाठी जी चार नोडल सेंटर निवडली त्यातलं एक आपल्या फर्मागुडीच्या आयआयटी गोव्यात आहे. असल्या मशीनजवळ जाऊन बसावंही लागत नाही, संशोधक घरून लॉगिन करतात, जॉब सबमिट करतात, क्यूमध्ये नंबर लागला की रन सुरू.

तोवर मुलीला घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून द्या आणि ग्रोमॅक्स हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर डाउनलोड करायला सांगा, ते फुकट आहे. बहुतेक सगळे जण अंड्याच्या पांढऱ्यातलं लायसोझाइम हे प्रोटीन पाण्यात ठेवून सुरुवात करतात, तिनेही तेच करावं. आणि रन झाला की रामचंद्रन प्लॉट काढून बघायला सांगा, प्रोटीनची साखळी कुठेकुठे वळू शकते ते सांगणारा तो आलेख जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 मध्ये मद्रासला बसून मांडला आणि आज जगभर प्रोटीनचा आकार बरोबर आहे का ते त्यावरून तपासतात. एक मात्र आत्ताच ठरवा, अकरावीला बायो घेतलं म्हणून मॅथ्स सोडायला देऊ नका, इथे बायोइतकंच मॅथ्स आणि फिजिक्स लागतं आणि नंतर ते भरून काढताना मुलांचे फार हाल होतात.