जुने कॅसेट-रेकॉर्ड प्लेअर जमवायचेत, आधी कोणता घेऊ?

तुम्ही विचारलंय की माझ्याकडे किती प्लेअर आहेत आणि नवीन माणसाने आधी कुठला घ्यावा. मोजले तर अकरा, त्यातले आज चालू सहा, बाकीचे "बघू येत्या रविवारी" या खात्यात. एक एचएमव्हीची फिएस्टा (रेकॉर्ड प्लेअर), एक टर्नटेबल, दोन टू-इन-वन (रेडिओ आणि टेप एकातच), एक कॅसेट डेक, तीन वॉकमन, दोन सीडी प्लेअर आणि एक मिनीडिस्क, जो निव्वळ हौसेपोटी घेतला आणि आता शोभेला आहे.

पण माझं ऐकाल तर आधी बाजारात जाऊच नका, माळा बघा. घरच्या कॅसेटी ज्या टू-इन-वनवर भरल्या गेल्या तो सापडला तर तोच तुमचा पहिला प्लेअर.

आत्याने ऐंशीच्या दशकात विविध भारतीवरून भरलेल्या वीसेक कॅसेटी माझ्याकडे आल्या, मी मोठ्या थाटात त्या डेकवर लावल्या आणि आवाज असा की कुणीतरी स्पीकरवर गोधडी टाकलीय. टेप म्हातारी झाली म्हणून टाकूनच देणार होतो. मग दिवाळीच्या साफसफाईत आत्याचा टू-इन-वन खाली आला, आतला बेल्ट वितळून डांबरासारखा झालेला, तो स्पिरिटने पुसताना दोन दिवस बोटं काळी. दोऱ्याने माप घेऊन पुण्यातल्या तापकीर गल्लीत नवा बेल्ट शोधला, बसवला, आणि तीच कॅसेट लख्ख वाजली हो! मागची कुकरची शिट्टीसुद्धा.

कारण साधं आहे. टेप जेमतेम 3.81 मिलिमीटर रुंद, सेकंदाला 4.76 सेंटिमीटर सरकते, त्यामुळे हेड (टेपला टेकून आवाज भरणारा आणि वाचणारा भाग) केसभर जरी तिरकं असलं तरी बारीक, धारदार आवाज आधी गायब होतात. आत्याच्या मशीनचं हेड पहिल्यापासून तिरकं, पण भरतानाही तेच आणि वाजवतानाही तेच, म्हणून जुळतं. माझा डेक सरळ, म्हणून त्याच्यावर बोंब. (डेकसाठी मोजलेले पैसे आठवून मी बायकोला हे अजून सांगितलेलं नाही.)

माळ्यावर काहीच नसेल तर मग पुण्याच्या मंगळवार पेठेतला जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे लाइट लागला म्हणजे "चालू आहे साहेब" असं म्हणतात, त्यावर जाऊ नका, स्वतःची एखादी बिनकामाची कॅसेट खिशात ठेवा, दोन्ही बाजू लावून बघा, रिवाइंड करून बघा. टेप मशीनमध्ये गुंडाळली गेली तर ती परत कॅसेटीत फिरवायला पेन्सिल आहेच. रेकॉर्डच्या नादाला लागणार असाल तर 78 च्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या) तबकड्यांची खाच रुंद असते, एलपीच्या पिनने त्या वाजवू नका. आणि पावसाळ्यात कॅसेटी कोंदट कपाटात नकोत, टेपवर पांढरी बुरशी धरते आणि ती वाजवली की हेडला लागून पुढच्या कॅसेटीत जाते.

हेडशेजारी त्याचा तिरकेपणा ठरवणारा एक छोटा स्क्रू असतो, तो रिपेअरवाल्याला हात लावू देऊ नका. माझ्या दुसऱ्या टू-इन-वनचा एकाने न विचारता "सरळ करून दिला", आता त्यावर आधी भरलेल्या कॅसेटी त्याच्यावरच बसक्या वाजतात. स्क्रू फिरवायचाच असेल तर आधी नेलपॉलिशने खूण करा, म्हणजे परत जागेवर तरी आणता येईल.