यादीत नसलेलं गाणं ऐकायचं कसं?

वाचकांचे प्रश्न

बाबांच्या संग्रहात 'हायवेमन' नावाचा १९८५ चा अल्बम सापडला. कव्हरवर वेलन जेनिंग्ज, विली नेल्सन, जॉनी कॅश आणि क्रिस क्रिस्टॉफरसन अशी चार नावं आहेत, पण 'द हायवेमेन' हे ग्रुपचं नाव कुठेच नाही. सीडी नकली तर नसेल? शिवाय यात एक लपवलेलं गाणं आहे, असं एकाने सांगितलं. (वाचक, धरमपेठ)

तेवढ्यावरून नकली ठरत नाही. त्या वेळी ग्रुपला नावच नव्हतं. १९८४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो इथे जॉनी कॅश यांच्या नाताळच्या टीव्ही कार्यक्रमाचं चित्रीकरण होतं, तिथे हे चौघं जमले आणि पुढे निर्माते चिप्स मोमन यांनी त्यांचा अल्बम केला. चौघंही आधीपासून आपापल्या नावाने चालणारे, त्यामुळे कव्हरवर चार नावं आली. शीर्षकगीत जिमी वेब यांचं. त्यात चार कडवी आहेत आणि प्रत्येकाच्या वाट्याला एक: विली वाटमारी करणारा, क्रिस खलाशी, वेलन धरण बांधणारा मजूर आणि शेवटी कॅश अंतराळयानाचा चालक. हे गाणं अमेरिकेतल्या कंट्री संगीताच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. १९९० च्या दुसऱ्या अल्बमवरही चार नावंच आहेत. 'द हायवेमेन' हे नाव अल्बमवर आलं ते १९९५ च्या तिसऱ्यावर.

नावावरून शोधताना एक घोळ होतो. १९६१ मध्ये 'मायकेल' हे गाणं गाजवणारा 'द हायवेमेन' नावाचा लोकगीतांचा ग्रुप वेगळा. त्यांनी १९९० मध्ये या चौघांवर नावावरून दावा केला होता, पुढे तडजोड झाली. म्हणून जुनी तबकडी घेताना ग्रुपचं नाव पाहू नका, गायकांची नावं पाहा. २०१९ चा 'द हायविमेन' हा ब्रँडी कार्लाइल, मॅरेन मॉरिस, अमांडा शायर्स आणि नॅटली हेम्बी या चौघींचा ग्रुप तर आणखी तिसरा.

राहिलं लपवलेलं गाणं. तुमच्या अल्बमच्या यादीत दहा गाणी आहेत आणि वाजतातही दहाच. सांगणाऱ्याची गल्लत दोनपैकी एका ठिकाणी झाली असावी. तिसऱ्या अल्बमची २००५ मध्ये दहा वर्षांनिमित्त जी आवृत्ती निघाली, तिच्यात जादा गाणी आहेत. पण ती कव्हरवर छापलेली आहेत, म्हणजे बोनस, लपवलेली नव्हेत. किंवा त्यांच्या कानावर केसी मसग्रेव्हज यांचा २०१५ चा 'पेजंट मटेरियल' आला असेल. त्याच्या अखेरीस विली नेल्सन यांच्यासोबतचं 'आर यू शुअर' खरोखरच यादीत न छापता ठेवलं आहे.

काही सीडींमध्ये पहिल्या गाण्याच्याही आधी एक गाणं असतं म्हणे. मागे जायचं बटण कितीदा दाबलं तरी पहिलंच गाणं लागतं. (वाचक, सीताबर्डी)

बटण दाबायचं नाही, दाबून धरायचं.

सीडीच्या आतल्या कडेला एक अनुक्रमणिका असते. तिच्यात प्रत्येक गाणं कुठून सुरू होतं तेवढंच लिहिलेलं असतं. प्रत्येक गाण्याला मात्र दोन खुणा असू शकतात: इंडेक्स ०० म्हणजे गाण्याआधीची मोकळी जागा आणि इंडेक्स ०१ म्हणजे खरी सुरुवात. अनुक्रमणिका फक्त ०१ ची जागा सांगते, प्लेअर थेट तिथे उडी मारतो. पहिल्या गाण्याचा ०१ मुद्दाम तीन-चार मिनिटं पुढे सरकवला, की मागच्या जागेत आख्खं गाणं बसतं आणि प्लेअरला त्याचा पत्ताही लागत नाही.

ऐकायची रीत अशी. शफल आणि प्रोग्रॅम बंद करा. पहिलं गाणं लावा आणि ते वाजत असतानाच मागे सरकवायचं बटण दाबून धरा. डिस्प्लेवरचे सेकंद शून्यापर्यंत येतील. तिथे थांबू नका. लपवलेलं गाणं असेल तर बऱ्याच प्लेअरवर आकड्याआधी उणे चिन्ह येतं आणि काटा −०:०१, −०:०२ असा उलटा चालू लागतो. तो अडेपर्यंत धरून ठेवा, मग सोडा. मध्येच स्टॉप दाबलंत, तर पुन्हा पहिल्या गाण्यापासून सुरुवात. काही प्लेअर, विशेषतः गाडीतले, शून्याच्या मागे जातच नाहीत. तो सीडीचा दोष नव्हे, यंत्र बदलून पाहा.

संगणकावर हे जास्त खात्रीने कळतं. विंडोजवर 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' हे सीडी कॉपी करण्याचं सॉफ्टवेअर उघडून सीडी घाला आणि पहिल्या गाण्याची सुरुवात दाखवणारा रकाना पाहा. तिथे ०:००:००.०० असेल तर आधी काही नाही. ०:००:००.३२ किंवा ३३ दिसलं तर हुरळून जाऊ नका. सीडीवर एका सेकंदाचे ७५ भाग असतात, त्यामुळे ३२ भाग म्हणजे अर्ध्या सेकंदाहूनही कमी शांतता, आणि ती पुष्कळ सीडींवर असते. मिनिटांचा आकडा दिसला तरच पुढे जा: ठरावीक पट्टा कॉपी करण्याचा पर्याय निवडा, सुरुवात शून्य ठेवा आणि शेवट म्हणून पहिल्या गाण्याची सुरुवात द्या.

फाइल बरोबर लांबीची तयार झाली, पण आत चिडीचूप, असंही होतं. काही ड्राइव्ह त्या जागेतून नुसते शून्य वाचून देतात, तर काही वाचायलाच नकार देतात. दुसऱ्या बनावटीचा ड्राइव्ह मागून आणून पाहा. दोन-तीन ड्राइव्हनी शांतताच दिली, तर मग ती खरीच शांतता असण्याची शक्यता जास्त.

निर्वाणा या रॉक बँडच्या 'नेव्हरमाइंड' अल्बमचं शेवटचं गाणं संगणकावर घेतलं, तर वीस मिनिटांची फाइल झाली. मधला भाग रिकामा आहे. तो कसा काढू? (वाचक, महाल)

हा लपवण्याचा दुसरा, जास्त रुळलेला प्रकार: शेवटच्या गाण्याला लांब शांतता चिकटवून पुढे नवं गाणं. तुमच्या सीडीवर सुमारे दहा मिनिटांच्या शांततेनंतर 'एंडलेस, नेमलेस' येतं. १९९१ च्या अगदी पहिल्या खेपेच्या प्रतींवर मास्टरिंगमधल्या (छपाईसाठीची अंतिम प्रत तयार करतानाच्या) चुकीमुळे ते गाणं राहूनच गेलं. तेव्हा कोणाच्या सीडीवर ते नसेल तर ती जुनी खेप असू शकते, खराब झालेली नव्हे.

'ऑडॅसिटी' या आवाज कापण्या-जोडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा. सपाट रेषा जिथून सुरू होते तिथपर्यंतचा भाग निवडून वेगळा एक्सपोर्ट करा, आणि जिथे लाट पुन्हा उठते तिथून शेवटपर्यंतचा दुसरा. कापण्याआधी तो भाग मोठा करून बघा. गाणं विरत जातानाचा शेपटीचा आवाज लांबून सपाटच दिसतो आणि हमखास कापला जातो. दोन्ही टोकांना अर्धा-एक सेकंद जागा सोडा. शांतता आपोआप गाळणारा 'ट्रंकेट सायलेन्स' इथे वापरू नका, तो गाण्याच्या आतल्या विरामांनाही कात्री लावतो. सीडीवरून घेताना फाइलचा प्रकार डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅक ठेवा, त्यात दर्जा उतरत नाही. हाताशी एमपीथ्रीच असेल, तर ऑडॅसिटीतून पुन्हा एमपीथ्री काढल्याने दर्जा आणखी उतरतो. त्यापेक्षा 'एमपीथ्री डायरेक्ट कट' हे फुकटचं साधन पुन्हा एनकोड न करता कापतं.

भाऊ, आम्ही चौघं वेगवेगळ्या ऑर्केस्ट्रात गातो. आता चौघांनी मिळून अकरा गाण्यांची सीडी काढतो आहोत, शंभर प्रती. एक गाणं पहिल्याच्या आधी लपवायचं आहे. घरच्या संगणकावर जमेल का? लपवलेलं गाणं जुनं सिनेमातलं घेतलं तर चालेल का? नाहीतरी यादीत नसणारच. (वाचक, मानेवाडा)

जमेल. सगळी बारा गाणी एकामागे एक लावून एकच डब्ल्यूएव्ही फाइल करा: स्टिरिओ, १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. लपवायचं गाणं सगळ्यात आधी. एकूण लांबी, लपवलेल्या गाण्यासकट, ७९ मिनिटांच्या आत ठेवा. ऑडॅसिटीत वेळ दाखवण्याची पद्धत 'सीडीडीए फ्रेम्स'वर न्या आणि प्रत्येक गाण्याची सुरुवात टिपून घ्या. मग नोटपॅडमध्ये क्यू फाइल, म्हणजे कुठलं गाणं कुठून सुरू होतं ते बर्निंगच्या सॉफ्टवेअरला सांगणारी यादी, लिहा. इथे देवनागरीत देतो आहोत, तुम्ही अक्षरं आणि आकडे इंग्रजीत टाइप करा:

फाइल "अल्बम.डब्ल्यूएव्ही" वेव्ह
ट्रॅक ०१ ऑडिओ
इंडेक्स ०० ००:००:००
इंडेक्स ०१ ०३:२०:००
ट्रॅक ०२ ऑडिओ
इंडेक्स ०१ ०७:४५:३०

असंच अकराव्या गाण्यापर्यंत. वरच्या उदाहरणात लपवलेलं गाणं तीन मिनिटं वीस सेकंदांचं आहे. आकड्यांची तिसरी जोडी सेकंदाच्या ७५ भागांची, म्हणून ती ७४ च्या पुढे जात नाही. तिथे ८० लिहिलं की बर्निंग अडकतं, आणि चूक कुठे आहे ते लवकर सापडत नाही. दुसरी नेहमीची चूक म्हणजे 'इंडेक्स ००' ऐवजी 'प्रीगॅप' लिहिणं. प्रीगॅप ही आज्ञा फाइलमधला आवाज घेत नाही, आपल्याकडून शांतता तयार करून घालते. मग तुमचं गाणं पहिल्या क्रमांकावर उघडंच पडतं.

क्यू फाइल आणि डब्ल्यूएव्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवून 'इम्गबर्न' या सीडी बर्न करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये क्यू उघडा. दुसरं सॉफ्टवेअर वापरणार असाल तर 'डिस्क अॅट वन्स' (अख्खी सीडी एका दमात लिहिणं) निवडा. 'ट्रॅक अॅट वन्स'ने (एकेक गाणं सुटं लिहिल्याने) ही मांडणी टिकत नाही. वेग १६एक्स पुरे. आधी एकच प्रत काढून तीन वेगवेगळ्या प्लेअरवर आणि एका गाडीत तपासा, मगच उरलेल्या काढा. कारखान्यात छापून घेणार असाल, तर गाणी देतानाच लेखी सांगा की पहिल्या गाण्याआधी मुद्दाम आवाज ठेवला आहे, नाहीतर तो चूक समजून काढला जाऊ शकतो.

आता हक्कांचं. यादीत छापलं नाही म्हणून परवानगी टळत नाही. स्वामित्व हक्क कायद्याच्या कलम ३१-सी नुसार जुन्या गाण्याची नवी ध्वनिमुद्रिका काढता येते, पण मूळ मुद्रण झालं त्या वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षं उलटलेली हवीत, आधी सूचना द्यावी लागते आणि रॉयल्टी वर्षाला किमान पन्नास हजार प्रतींच्या हिशोबाने आगाऊ भरावी लागते. शंभर प्रतींसाठी हा उद्योग म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. त्यातही हे कव्हर व्हर्जन आहे, असं कव्हरवर छापणं याच कलमात बंधनकारक आहे. म्हणजे गाणं लपवायचं, आणि त्याची कबुली बाहेर छापायची! त्यापेक्षा मूळ हक्कधारकाची सरळ परवानगी घ्या, नाहीतर चौघांपैकी कोणाची स्वतःची चाल आणि शब्द वापरा. आमचं मत दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने.

बऱ्याच नव्या गाड्यांत सीडी प्लेअर येतच नाही, म्हणून सोबत पेनड्राइव्ह देणार असाल, तर तिथे शून्याआधीची जागा नसते. अकराव्या गाण्यानंतर एक-दीड मिनिट शांतता ठेवून गाणं जोडा. दहा मिनिटं नको, तोवर ऐकणारा उठून गेलेला असतो.

बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'च्या शेवटी न संपणारा आवाज आहे म्हणतात. माझ्या टर्नटेबलवर त्याआधीच हात उचलला जातो. (वाचक, इतवारी)

तुमचं टर्नटेबल ऑटोमॅटिक आहे. तबकडीच्या शेवटची खाच झपाट्याने आत जाते. हाताची ती वेगळी चाल ओळखून यंत्रणा त्याला उचलते. १९६७ च्या त्या तबकडीवर आवाज नेमका शेवटच्या बंद खाचेत आहे. ३३⅓ च्या वेगाने एक फेरा १.८ सेकंदांचा, तेवढाच तुकडा गोल फिरत राहतो. ऑटो बंद करायची कळ असेल तर ती बंद करा. नसेल तर हाताने चालणाऱ्या टर्नटेबलवरच ऐका. पण आधी खात्री करा, सगळ्या देशांतल्या छापांवर तो तुकडा नाही.

'अॅबी रोड'चं (१९६९) प्रकरण सोपं आहे. सुमारे चौदा सेकंदांच्या शांततेनंतर २३ सेकंदांचं 'हर मॅजेस्टी' येतं, ते साध्या खाचेतच आहे. पहिल्या कव्हरवर फक्त नाव नव्हतं. लपवाछपवीचा कळस पाहायचा तर जॅक व्हाइट यांची २०१४ ची 'लॅझरेटो': गाणी मधल्या कागदी लेबलखाली कोरली आहेत, एका बाजूचं ७८ च्या वेगाने वाजतं, दुसऱ्या बाजूचं ४५ च्या. तुमच्या टर्नटेबलला ७८ नसेल तर ते एक विसरा. आणि लेबलवर सुई टेकवायची तर महागडी वापरू नका.

पत्रात तुम्ही तबकडी कूलरच्या खोलीत ठेवता असं लिहिलं आहे. मे महिन्यात बंद गाडीत ठेवण्यापेक्षा ते कधीही बरं, तिथे ती वाकडी व्हायला एक दुपार पुरते. पण कूलरच्या ओलाव्याने कव्हरला बुरशी लागते आणि ती तबकडीवर उतरते. कूलरच्या समोरच्या भिंतीवरून कपाट हलवा, तबकड्या उभ्या ठेवा आणि आतलं कागदी पाकीट बदलून प्लास्टिकचं घाला.