जबड्याच्या ऑपरेशनला श्वासाची नळी नाकातून का घालतात, आणि ते कळतं का?

घालताना सहसा काही कळत नाही हो, आधी भूल देतात, पूर्ण झोप लागली की मगच नळी जाते. नाकातून यासाठी की जबडा सरकवल्यावर वरचे-खालचे दात नीट जुळतात का ते सर्जनला तिथेच बघायचं असतं, तोंडात नळी असली तर दात मिटणार कसे?

खरा वैताग नंतरचा. नळी बहुतेक वेळा तुम्ही शुद्धीवर येऊन स्वतः श्वास घ्यायला लागलात की काढतात, ते अंधुक आठवतं किंवा आठवतही नाही. मग घसा खवखवतो, आवाज बसतो, नाक चोंदतं आणि एकदोन दिवस रक्ताळलेला शेंबूड येतो (वरच्या जबड्याचं असेल तर जास्तच), त्यात वरचे-खालचे दात एकत्र धरून ठेवायला रबर लावलेले असले की जीव घाबरतो, पण दातांच्या फटीतून आणि गालाच्या बाजूने हवा येते, डोकं उंच ठेवून सावकाश श्वास घ्यायचा. नाक जोरात शिंकरायचं नाही हं. रक्त पोटात गेलं तर मळमळतं, लगेच नर्सला सांगा.

आणि नाकाचं हाड वाकडं असेल, घोरत असाल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा, ते विचारतील याची वाट बघू नका.