म्युनिकच्या फ्लॅटमध्ये मिरची आणि कोथिंबीर

ताई, तुम्ही विचारलंय की सुदामानगरच्या गच्चीवरची मिरची, कोथिंबीर, कढीपत्ता म्युनिकच्या फ्लॅटमध्ये येईल का, आणि बी इंदूरहूनच न्यायचं का.

बॅगेत बी टाकू नका, रोप तर नाहीच. डिसेंबर 2019 पासून युरोपीय संघात पेरणीच्या बियांनाही फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, म्हणजे रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला, लागतं. खरगोनच्या मिरचीचा मोह सोडा, बी तिकडेच घ्या. कोथिंबिरीला भारतीय दुकानातले धने चालतात. लाटण्याने हलके रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा.

खरी अडचण उजेडाची. डिसेंबरात तिथे दिवस साडेआठ तासांचाही नसतो, खिडकीत मिरची नुसती लांबुडकी होते. 60 बाय 60 सेंटीमीटरचा ग्रो टेंट (आत दिवा लावून रोपं वाढवायचा छोटा तंबू), 100 वॉटचा एलईडी आणि टायमर घ्या. एप्रिल 2024 पासून जर्मनीत सज्ञान रहिवाशाला घरी गांजाची तीन झाडं लावता येतात, त्यामुळे हे सामान सहज मिळतं. दुकानदार अर्थपूर्ण हसला तर मिरची म्हणून सांगा, विश्वास बसणार नाही ते सोडा.

मिरचीचं बी 25 ते 28 अंशांत आठ-पंधरा दिवसांत उगवतं. मग दिवा 30-40 सेंटीमीटर वर, 14 ते 16 तास. कुंडी 10 लिटरची. आत वारा नसतो, म्हणून फुलं आली की रोज देठ बोटाने टिचकवा, नाहीतर फुलं गळतात. 14 तासांच्या हिशोबाने महिन्याला 42 युनिट वीज जाते.

कोथिंबीर याच दिव्याखाली ठेवू नका. मोठा दिवस आणि उष्मा मिळाला की ती फुलावर येते. नवी पानं शेपूसारखी बारीक दिसली की समजा, दांडा चढला. तिला 10-12 तास उजेड आणि 16 ते 20 अंश पुरे. दर तीन आठवड्यांनी नवी पेरा.

रोपं बुडाशी बारीक होऊन आडवी पडली तर पाणी जास्त झालंय. वरची माती बोटभर सुकू द्या. काळ्या चिलटांना पिवळे चिकट कागद.

कढीपत्त्याचं रोप तिकडेच विकत घ्या. म्युनिकचं पाणी चुन्याचं, त्याने शिरा हिरव्या राहून पान पिवळं पडतं. पावसाचं पाणी घाला, चिलेटेड लोह (झाडाला सहज शोषता येईल असं लोहाचं खत) द्या. हिवाळ्यात पानं गाळली तर उपटू नका, पाणी कमी करा आणि हीटरपासून दूर ठेवा. मार्चनंतर फुटवा येतो.