ग्लॅमर, ग्रामर आणि गारुड

प्रश्न असा आला आहे: ‘आमच्या वाचनालयात जुन्या चित्रतारकांच्या कृष्णधवल छायाचित्रांचं प्रदर्शन आहे. इंग्रजी फलकावर “विंटेज ग्लॅमर” असं लिहिलंय. मराठी फलकावर “वलयांकित तारका” लिहावं असं समितीत ठरतंय. चालेल का?’

नाही चालणार. वलय म्हणजे कडं, कंकण. वलयांकित म्हणजे ज्यावर कड्याची खूण आहे ते. आकाशात वलयांकित काही असेल तर तो शनी. ‘प्रसिद्धीचं वलय’ इथपर्यंत ठीक होतं, कारण वलय कशाचं ते निदान सांगितलेलं असायचं. पुढे पुरवण्यांमधून ‘प्रसिद्धीचं’ गळून पडलं, उरलेल्या वलयाला ‘अंकित’ चिकटलं, आणि आता नटी वलयांकित, फलंदाज वलयांकित, लग्नाचा हॉलसुद्धा वलयांकित. रोज कानावर पडतं आणि रोज चीड येते. इंग्रजी-मराठी कोश उघडावेत तर तिथे ‘मोहकता’, ‘झगमगाट’. झगमगाट दिव्यांच्या माळेचा असतो, मोहकता लहान मुलाच्या हसण्यातही असते. ग्लॅमर या शब्दाचा गाभा यातल्या एकालाही सापडलेला नाही.

तो गाभा व्युत्पत्तीत आहे. ग्लॅमर हे ग्रामरचंच दुसरं रूप आहे. शाळेत ज्याचा तास नकोसा वाटायचा तेच ग्रामर.

ग्रीकमध्ये ‘ग्रामा’ म्हणजे अक्षर. त्यावरून अक्षरविद्येला शब्द झाला, तो लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आणि तिथून इंग्रजीत गेला. मध्ययुगीन युरोपात ग्रामर म्हणजे फक्त क्रियापदं चालवणं नव्हे, तर लॅटिनमधली सगळीच विद्या. ज्याला अक्षर ओळखता येत नाही त्या शेतकऱ्यानं, कुणी मेणबत्तीपाशी पोथी उघडून न कळणाऱ्या भाषेत पुटपुटताना पाहिलं, तर त्याला काय वाटणार? हा मंत्र घालतोय. म्हणून त्याच शब्दापासून फ्रेंचमध्ये ‘ग्रिम्वार’ झाला, त्याचा अर्थ चेटकाची पोथी. स्कॉटलंडमध्ये ग्रामरचा उच्चार बदलून ग्लॅमर झाला, त्याचा अर्थ चेटूक. आणि साधंसुधं चेटूक नव्हे, डोळ्यांवरचं. अ‍ॅलन रॅमझी या स्कॉटिश कवीनं 1721 साली अर्थ दिला आहे: भुतं, चेटके किंवा गारुडी बघणाऱ्याची दृष्टी फसवतात तेव्हा ते त्याच्या डोळ्यांवर ग्लॅमर टाकतात. रॉबर्ट बर्न्सनं 1789 मधल्या एका कवितेत तर ग्लॅमर आणि ग्रामर यांचं यमकच जुळवलं. पुढे वॉल्टर स्कॉटच्या 1805 च्या काव्यातून हा शब्द इंग्लंडभर पसरला. बाईच्या देखणेपणाला तो सर्रास लागला सिनेमाच्या काळात.

इथे काही जण आइसलँडी सागांमधलं, म्हणजे तिकडच्या जुन्या वीरकथांमधलं, ‘ग्लाम’ नावाचं भूत पुढे करतात. त्या भुताचे डोळे नायकाला जन्मभर अंधारात दिसत राहतात, आणि त्याच्या नावावरून दृष्टिभ्रमाला तिकडे शब्दही आहे. गोष्ट थरारक आहे. पण गोष्ट थरारक असली म्हणून व्युत्पत्ती खरी ठरत नाही. आपलं सागाप्रेम त्यांनी वेगळं ठेवावं. ग्रामरचा ‘जादूटोणा’ हा अर्थ इंग्रजी-स्कॉटिश लेखनात आधीपासून नोंदलेला आहे, बर्न्सनं दोन्ही शब्द समोरासमोर ठेवलेले आहेत. भूत आणायची गरजच काय?

आता मला ज्यात खरा रस आहे ते. ग्रामरमध्ये दोन र. त्यातल्या पहिल्याचा ल झाला, की ग्लॅमर. एका शब्दात तोच ध्वनी दोनदा आला की जीभ एकाला बदलते, याला विषमीकरण म्हणतात. आपल्या घरात हे रोज चालतं. दरिद्र, त्यात दोन र. प्राकृतात दलिद्द, आणि आपल्या तोंडी दळिद्री. हरिद्रा, पुन्हा दोन र. प्राकृतात हलिद्दा, आणि आपली हळद! वररुचीनं प्राकृताच्या व्याकरणात यासाठी सूत्रच लिहून ठेवलंय: ‘हरिद्रादीनां रो लः’, हरिद्रा वगैरे शब्दांत र चा ल. म्हणजे ज्या वळणानं ग्रामरचं ग्लॅमर झालं त्याच वळणानं हरिद्रेची हळद झाली, आणि नवरीला तेज आणायला आपण लावतो ती हळदच.

तिसरं उदाहरण मला सर्वांत प्रिय आहे. अलंकार. वेदात हा शब्द ल घेऊन येत नाही, र घेऊन येतो. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या दुसऱ्याच सूक्ताचा आरंभ पाहा: ‘वायवा याहि दर्शतेमे सोमा अरंकृताः’. हे देखण्या वायू, ये, हे सोम सिद्ध करून ठेवले आहेत. (न दिसणाऱ्या वाऱ्याला ‘देखणा’ म्हणणाऱ्या त्या ऋषीला माझा नमस्कार.) वेदातल्या शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या निरुक्त या प्राचीन ग्रंथात यास्क ‘अरंकृत’चा अर्थ देतो ‘अलंकृत’. ‘अरं’ आणि ‘कृ’, पुन्हा दोन र, आणि पुन्हा पहिल्याचा ल! ग्रामरचं ग्लॅमर तसं अरंकाराचं अलंकार. आणि आपली मुलं अलंकार कुठे शिकतात? व्याकरणाच्या पुस्तकात. उपमा, उत्प्रेक्षा, अतिशयोक्ती, सगळे दागिने तिथेच मांडलेले. इंग्रजीत ग्रामर आणि ग्लॅमर यांची ताटातूट होऊन दोघांना एकमेकांची ओळख राहिली नाही. मराठीत दागिने आणि व्याकरण अजून एकाच घरात नांदतात.

संस्कृतचे काही पंडित यावर ‘रलयोरभेदः’ एवढंच म्हणतात आणि पान उलटतात. र आणि ल यांत भेद नाही, संपलं. मला हे वचन नेहमी पळवाट वाटत आलं आहे. भेद नाही तर मग ‘राम’चा ‘लाम’ का झाला नाही? कुठे बदल होतो आणि कुठे नाही, हाच तर प्रश्न आहे. वररुचीच्या यादीत चरण, मुखर असे एकाच र चे शब्दही आहेत, हे मला ठाऊक आहे, आणि ‘अरं’चं ‘अलं’ एकट्यानंही झालेलं आहे, हेही. तरीही मराठीत आज रुळलेले शब्द मोजा: हळद आणि दळिद्री टिकले, चरणाचं चलण कुठे टिकलं? दोन र जिथे एकत्र आले तिथे जीभ हट्टानं ल ला चिकटून राहिली, असं माझं ठाम मत आहे.

तर ग्लॅमर म्हणजे नियम जाणणाऱ्यानं बघणाऱ्याच्या डोळ्यांवर केलेला प्रयोग. जुन्या नट्यांच्या छायाचित्रांना हा अर्थ अक्षरशः लागू पडतो. 1930 च्या सुमारास हॉलिवूडमध्ये एमजीएम या चित्रपट कंपनीसाठी जॉर्ज हरेल तारकांची छायाचित्रं काढायचा. जोन क्रॉफर्डच्या चेहऱ्यावर भरपूर वांग होते. छापील चित्रात एकही दिसत नाही, कारण मोठ्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनं एकेक ठिपका बुजवला जायचा. मार्लेना डीट्रिखला दिग्दर्शक स्टर्नबर्गनं दिवा कुठे हवा ते शिकवलं: समोर आणि बराच उंच. मग नाकाखाली फुलपाखरासारखी छोटी सावली पडते, गालाची हाडं उठून दिसतात, गाल आत गेल्यासारखे वाटतात. एवढंच. पण दिवा एक वीत बाजूला सरकला तर ती बाई नेहमीची बाई होते. हे व्याकरणच आहे, एक मात्रा चुकली की अर्थ गेला.

हे व्याकरण आपल्याकडे आलं मालाडला. हिमांशू राय आणि देविका राणी यांनी 1934 मध्ये बॉम्बे टॉकीज उभी केली, तेव्हा कॅमेऱ्यामागे जर्मन माणूस होता, योझेफ विर्शिंग. देविका राणीचे ते रेखीव डोळे आणि कपाळाच्या कडेनं उतरणारा प्रकाश हे त्याचं काम. लीला चिटणीस याच कंपनीत नावारूपाला आल्या, आणि 1941 मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. ती जाहिरात करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय चित्रतारका. 1939 मध्ये युद्ध सुरू झालं आणि विर्शिंगला जर्मन म्हणून स्थानबद्ध केलं गेलं. सुटल्यावर तो परतला आणि 1949 चा ‘महल’ त्यानं टिपला. त्यातली मधुबाला आठवा. ती खरी की भास, हा त्या चित्रपटाचा विषयच आहे, आणि तो भास कॅमेऱ्यानं उभा केलेला आहे. रॅमझीनं 1721 मध्ये दिलेला अर्थ पडद्यावर पाहायचा असेल तर तो इथे पाहावा.

माझ्या आत्याचा लग्नाआधीचा एक फोटो आमच्याकडे आहे. गावातल्या स्टुडिओत काढलेला, मान किंचित तिरपी, पदर पिनेनं नेमका बसवलेला. भिंगातून पाहिलं की हनुवटीवर पेन्सिलीचे बारीक फराटे दिसतात. देवीचा व्रण होता तिथे. त्या छायाचित्रकारानं हरेलचं नाव कधी ऐकलं नसेल, पण विद्या तीच. साधना कटचंही तसंच. 1960 च्या पहिल्या मोठ्या चित्रपटात साधनाचं कपाळ जरा मोठं दिसतंय म्हणून ऑड्री हेपबर्नसारखी झुलपं कापली, आणि पुढची कित्येक वर्षं धड लहान कपाळाच्या मुलीही तशीच झुलपं कापून घेत राहिल्या. उणीव झाकणारा प्रयोग इतका साधला की तीच शोभा झाली.

म्हणून मराठी शब्द असा हवा की ज्यात करणारा आहे, कसब आहे आणि डोळ्यांची फसगत आहे. ‘नजरबंदी’ अगदी जवळचा. पण हिंदीच्या संगतीनं हल्ली मराठी बातम्यांतही ‘नेते नजरबंदीत’ असं येऊ लागलंय, आणि एक चांगला शब्द हातचा जातो आहे. त्यासाठी आपल्याकडे नजरकैद आहे, स्थानबद्धता आहे. ते वापरा आणि नजरबंदी गारुड्याला परत द्या.

गारुड्यावरून आठवलं, खरा शब्द त्याच्याच पोतडीत आहे. गारुड. गरुड हा सापांचा वैरी, म्हणून विष उतरवण्याचा मंत्र तो गारुड मंत्र. तो जाणणारा गारुडी. मग साप खेळवणारा गारुडी, मग चादरीखालचं पोर नाहीसं करून दाखवणारा गारुडी. आणि आज आपण सहज म्हणतो, ‘मधुबालेचं गारुड अजून उतरलेलं नाही.’ पाहा कसा प्रवास झाला: आधी अक्षरांचा मंत्र, मग डोळ्यांवरचा खेळ, मग देखण्या बाईची भुरळ. ग्रामर ते ग्लॅमर हा रस्ता आपला शब्द स्वतःच्या पायांनी चालून आला आहे, कुणाचं भाषांतर न होता. आणि गारुड ‘उतरतं’, कारण मूळचं विषच उतरायचं. वलय कधी उतरल्याचं ऐकलंय? मोहिनी हा शब्दही गोड आहे, पण मोहिनी जन्मजात असू शकते. गारुड शिकावं लागतं.

विंटेजचं थोडक्यात. मूळ अर्थ द्राक्षांची तोडणी, मग अमुक वर्षाची वाइन, मग जुन्या मोटारी. साडीला आणि केशरचनेला ‘जुन्या वळणाची’ म्हणावं. वळण हा शब्द अक्षराला, माणसाला आणि बांधणीला सारखाच शोभतो.

पण तुमच्या फलकावर तोही नको. छायाचित्रं कृष्णधवल आहेत असं तुम्ही लिहिलंय. जुन्या ब्रोमाइड कागदावर जे काळं दिसतं ती शाई नसते, ते चांदीचे सूक्ष्म कण असतात. देविका राणीची पापणी चांदीची आहे. आणि चांदी म्हणजे रुपं, संस्कृत रूप्य. पाणिनीनं रूपापासून रूप्य साधताना दोन अर्थ सांगितले: ठसा उमटवलेलं, आणि रूपानं वाखाणण्यासारखं. कागदावर उमटलेल्या देखण्या चेहऱ्याला याहून नेमकं विशेषण मला सुचत नाही. ‘रुपेरी गारुड’ एवढंच लिहा.

गारुड तत्सम आहे, त्यातला रु ऱ्हस्वच ठेवा. रंगारी हमखास ‘गारूड’ करतात. रुपेरीतलाही ऱ्हस्व, रूप दीर्घ असलं तरी.