वाचकांचे प्रश्न : बाग गेली, आता देवापुढे काय बोलू?

प्रश्न : तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. दर संकष्टीला तासगावच्या गणपतीचे दर्शन आणि ऋषिपंचमीला रथाचा दोर, यांत मी कधी खंड पडू दिला नाही. गेल्या हंगामात बाग फुलोऱ्यात असताना अवकाळी पाऊस लागून राहिला आणि घडकूज झाली. शेजारची बाग मात्र वाचली, आणि त्या घरात देवपूजासुद्धा होत नाही. तेव्हापासून हात जोडतो, पण मन लागत नाही. माझी श्रद्धा संपली का? शिवाय छाटणीनंतर सारा दिवस फवारणीत जातो. देवाला वेळ द्यायचा कुठून?
– एक द्राक्षबागायतदार, जि. सांगली

उत्तर : शेजाऱ्याचा उल्लेख आधी घेतो, कारण दुखणे तिथे आहे. फुलोऱ्यातल्या घडात पाणी साचून राहिले की कूज लागते. ज्याची छाटणी थोडी मागेपुढे झालेली असते, त्याची बाग त्याच पावसात पुष्कळदा तरून जाते. हा छाटणीच्या तारखेचा आणि पावसाच्या वेळेचा परिणाम आहे; त्यात देवाचा कौल शोधू नका. पीक गेलेल्या माणसाच्या माथी वर पापाचा दोष मारणे मला क्रूरपणाचे वाटते.

देव आहे हे मान्य करणे वेगळे आणि त्याच्यावर भरवसा टाकणे वेगळे. आपण नेम निष्ठेने पाळलात, पण त्या नेमाच्या पोटात ‘मी तुझे करतो, तू माझी बाग राख’ असा न बोललेला करार असावा, असे पत्रावरून वाटते. मोडला आहे तो करार. नाते तुटले असते, तर आपण हे पत्र लिहिलेच नसते. सज्जनगडावर ज्यांची समाधी आहे, त्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्ती सांगताना आठवी भक्ती सख्याची सांगितली आहे. देवाशी सख्य जोडायचे तर आपले सुख बाजूला ठेवून त्याला आवडेल तसे वागावे, असे ते तिथे सांगतात. सख्यात मागणे असते, रुसणेही असते, परंतु मागणे पुरे झाले तरच टिकणारे ते सख्य नव्हे. म्हणून मन लागत नसेल, तर काही दिवस पाठ केलेले स्तोत्र राहू द्या आणि बागेचे जे झाले ते आपल्या शब्दांत, रागासकट, देवाला सांगा.

वेळेचे उत्तर सोपे आहे. माण तालुक्यातील गोंदवल्याचे गोंदवलेकर महाराज (१८४५–१९१३) लोकांना प्रपंच सोडा असे सांगत नसत. प्रपंच करतानाच रामनाम घ्या, असे सांगत. फवारणी करतानाही नाम घेता येते.

मला मात्र जागेचा प्रश्न वेळेपेक्षा मोठा वाटतो. देवाला आपण देवघर देतो आणि सोसायटीचे कर्ज, दलालाशी होणारा सौदा, मजुरांची हजेरी या गोष्टी त्याच्यापासून लांब ठेवतो. नुकसानीच्या वर्षी मजुरांचे पैसे थोडे अडवून ठेवावेत असा विचार मनात येतो, आणि नेमक्या त्याच वेळी देवाला काय आवडेल हे विचारून निर्णय घेतला, तर आपल्या व्यवहारात त्याला जागा मिळाली असे मी म्हणेन.

आणि कर्जाचा खरा आकडा घरात अजून सांगितला नसेल, तर तो पत्नीला सांगा. पीक विमा व कर्जफेडीची मुदत यांविषयी कृषी कार्यालयात आणि बँकेत वेळेवर जा. देवावर भार टाकला आहे म्हणून ही कामे लांबणीवर टाकू नका.