बाइंडवाला डीएनएस सर्व्हर मधेच बंद पडतो, एसीएल लावून भागेल का?

नाही भागणार हो. एसीएल म्हणजे कोणाला उत्तर द्यायचं याची यादी, आणि बाइंड म्हणजे नावावरून वेबसाइटचा पत्ता सांगणाऱ्या डीएनएसचं सॉफ्टवेअर. तुम्ही लिहिलंय की सोलापूर एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचा सर्व्हर आहे, बाइंड ९.९.५, आणि लॉगमध्ये शेवटी 'असर्शन फेल्युअर' (प्रोग्रामची आतली तपासणी फसली) येऊन नेमड, म्हणजे बाइंडची चालू प्रोसेस, बंद पडतं. हे बहुतेक २०१५ चं टीकी वालं प्रकरण (टीकी म्हणजे सर्व्हरशी गुप्त किल्ली ठरवायची क्वेरी), त्रुटीचा नोंद क्रमांक सीव्हीई-२०१५-५४७७. टीकी क्वेरीचं एकच वाकडं यूडीपी पॅकेट आलं की बाइंड गोंधळतं आणि स्वतःच प्रोसेस मारून टाकतं, डेटा चोरीला जात नाही पण अख्ख्या ऑफिसचं नेट गेल्यासारखं वाटतं. आणि ही चूक एसीएल तपासायच्या आधीच्या कोडमध्ये आहे, म्हणून अलाउ-क्वेरी (बाइंडमधली एसीएलची सेटिंग) कितीही आवळा, पॅकेट पोचलं की खेळ खल्लास. रिकर्सिव्ह (दुसऱ्यांकडून उत्तर शोधून आणणारा) सर्व्हर असो की ऑथोरिटेटिव्ह (स्वतःच्या डोमेनचं उत्तर देणारा), दोन्ही मरतात.

दुरुस्ती ९.९.७-पी२ आणि ९.१०.२-पी३ मध्ये आली, पण आता त्याही जुन्याच, सरळ सध्या सपोर्ट असलेलं व्हर्जन टाका. उबंटू, रेडहॅटवाले आकडा तोच ठेवून आतून पॅच लावतात, म्हणून आधी पॅकेजचा चेंजलॉग बघा. सिस्टमडीला (लिनक्सवर सेवा चालू-बंद करणारा प्रोग्राम) आपोआप रीस्टार्ट लावलंत तर रात्रपाळी निघेल, बस्स तेवढंच. आणि आतल्या लोकांपुरताच सर्व्हर असेल तर बाहेरून पोर्ट ५३ (डीएनएसचं दार) उघडं कशाला ठेवलंय?